भात टाका

आमच्या बेटावरच्या नगरपालिकेचं एकच काम चोख होतं. संध्याकाळच्या लाँचमधून जो उतरेल, त्याचं नाव धक्क्यावरच्या कर्ण्यावरून पुकारायचे. नाव ऐकलं की त्याच्या घरी भात टाकायचे.

माझे वडील, श्रीधरराव, ज्या लाँचमध्ये बसले ती आलीच नाही. माझी आई, आनंदीबाई, धुतलेले तांदूळ घेऊन बसून राहिली.

पुढे तिला मी खराडीला, माझ्या फ्लॅटवर आणलं. इथेही ती दिवेलागणीला तांदूळ धुते आणि नावाची वाट बघते.

"आई, इथे समुद्र नाही. पाणीसुद्धा टँकरने येतं."

"टँकर येतो ना? मग हेही येतील."

काल सोसायटीच्या स्पीकरवर चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांचे नंबर सांगत होते. मध्येच खरखर झाली आणि धक्क्यावरचा तो ओळखीचा हेल ऐकू आला.

"आनंदीबाई उतरल्या हो! श्रीधरराव, भात टाका!"

आईने पदर सारखा केला. "अगंबाई, ह्यांना कुठला जमायला भात," म्हणाली, आणि कित्येक वर्षांनी हसली.

मी तिचा हात घट्ट धरला. घरात आम्ही दोघंच होतो.

स्वयंपाकघरात कुणीतरी तांदूळ धूत होतं.