बरोबरीनंतरची निवड

आपला संघ शेवटचा सामना पाच गोलांनी हरला, तेव्हा चष्मेवाल्याच्या मुद्रेवर कृतार्थता उमटली.

संगणकावरच्या त्या फुटबॉलच्या खेळात खेळाडू पडद्यावर आपोआप धावत. संघ निवडणे आणि डावपेच आखणे एवढेच माणसांच्या हाती असे. घरातल्या आठ जणांचे आठ संघ होते. वर्षाअखेर जो तळाला राही, त्याला नव्या खेळाडूंतून पहिली निवड करण्याचा मान मिळे. दुबळ्याला बळ मिळावे, हा त्यामागचा उदार हेतू.

यंदाच्या नव्या खेळाडूंत एक उंच, डावखुरा गोलरक्षक होता. स्पर्धेचा कारभार चष्मेवाल्याच्या पत्नीकडे असे. तिनेच त्याला आपल्या दिवंगत मुलाचे नाव आणि चेहरा दिला होता. मुलाचा मैदानावरचा सराव पित्याने एक दिवसही चुकू दिला नव्हता, याचा त्याला अद्याप अभिमान वाटे. मुलगा पुन्हा आपल्या संघात यावा, एवढ्यासाठी त्याने वर्षभर पराभव ओढवून घेतले होते.

पण विपरीत घडले. धाकटा भाऊही तेवढ्याच गुणांवर तळाला येऊन बसला. नियमाप्रमाणे गोलांतला फरक पाहिला. तो सारखा निघाला. परस्परांतले सामने पाहिले. तेही बरोबरीतच सुटलेले. आता उरली नाणेफेक, आणि ती करण्याचा अधिकार कारभारणीचा.

तरीही चष्मेवाला निश्चिंत होता. भावाने त्याला शब्द दिला होता.

"कौल माझ्या बाजूने लागला तरी पोराला मी हात लावणार नाही, दादा. तो तुझाच."

कौल भावाच्या बाजूने लागल्याचे कारभारणीने जाहीर केले. आणि भावाने पहिल्याच निवडीत मुलाला उचलले. पडद्यावर तो ओळखीचा चेहरा परक्या रंगाच्या सदऱ्यात उभा राहिला. चष्मेवाल्याला पाहवेना. तो तडक भावाच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानी गेला.

भाऊ चाकाच्या तारा ताणत बसला होता. चष्मेवाल्याने त्याला लहानपणापासूनचे उपकार ऐकवले, दिल्या शब्दाची आठवण दिली, केसाने गळा कापलास म्हणाला. भावाने मान वर केली नाही.

"हरण्यात तुझा हात धरणारा कुणी नव्हता, दादा. तुझ्या बरोबरीला उतरताना माझी दमछाक झाली."

"म्हणजे तूही मुद्दाम हरलास?"

"हरायला सांगितलं होतं मला. नाणेफेक तर झालीच नाही. वहिनीला विचार."

तो आपल्या चष्म्यांच्या दुकानी परतला, तेव्हा पत्नी एका भिंगाची कड घासत होती. आजवर त्याने तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. आजही चढवला नाही. नाणेफेक का केली नाही, एवढेच त्याने विचारले. भावाला सामने हरायला लावल्याचे आणि निवडही आपणच करवल्याचे तिने कबूल केले.

"सख्ख्या बापाला डावलून?" तो म्हणाला. "तू त्याची आई ना?"

तिने भिंग उजेडात धरले, कड निरखली आणि ते खाली ठेवले.

"आई आहे म्हणूनच," ती म्हणाली. "अंगात ताप फणफणत असताना तुम्ही त्याला मैदानावर उतरवलंत. दुसऱ्यांदा मी तो तुमच्या हाती देणार नाही."