ओपलमावशीची मिठी

रविवारची प्रार्थना आटोपून सगळे चर्चच्या मागच्या हॉलकडे जेवायला निघाले. दारात नेहमीप्रमाणे ओपलमावशी उभी होती. वय एक्याऐंशी, अंगावर मूठभर मांस नाही, पण मिठी पैलवानाची. त्या मिठीतून गेल्याशिवाय कुणालाच ताटापर्यंत पोचता येत नसे. गावात निम्म्या लोकांच्या कपड्यांआड परवान्याचं पिस्तूल असे, आणि कुणी ते कुठे खोचलंय ते तिच्या हातांना बरोबर लागे. लागलं की ती ते अख्ख्या हॉलला ऐकवी.

रांगेत डोरीनच्या पुढे रसेल होता. पिस्तूल बाळगायच्या परवान्याचे वर्ग गावात तोच घेई. मावशीने त्याला कवेत घेतलं आणि कमरेवर दोन थापट्या मारल्या.

“उजवीकडे, मागच्या बाजूला! काय रे रसेल, साऱ्या गावाला शिकवतोस आणि स्वतःचं लपवता येत नाही?”

हॉल हसला. रसेलने शर्ट खाली ओढला. तो दिवसातून पन्नासदा शर्ट ओढे, त्यामुळे खरं तर मिठीचीही गरज नव्हती.

डोरीनला मात्र हसू फुटेना. मागे तिची लेक लेसी उभी होती, चार वर्षांच्या टिलीचा हात घट्ट धरून. इस्टरच्या दिवशी याच हॉलमध्ये टिलीने चुइंगम शोधायला आजीच्या पर्समध्ये हात घातला होता. हाताला लागलं ते पिस्तूल. लेसीने झडप घालून पर्स हिसकावली म्हणून निभावलं. त्या दिवसापासून टिली आजीच्या मांडीवर बसली नव्हती.

“आई, तुला ते का लागतं ते मला कळतं,” लेसी म्हणाली होती. “पण पर्समध्ये नाही. अंगावर ठेव. टिली अंगावर चढली तरी तिला कळता कामा नये, आणि तिचं बोट तिथवर जाता कामा नये. तोवर ती माझ्याजवळ बसेल.”

डोरीन आडबाजूच्या घरांत जाऊन आजाऱ्यांचं करणारी नर्स. गाडीत दुखण्यावरच्या गोळ्या असत, आणि त्या गोळ्यांसाठी नशेबाजांनी तिची गाडी दोनदा अडवली होती. पिस्तूल सोडणं शक्य नव्हतं. ते ठेवायचं कुठे, एवढाच प्रश्न होता. रसेलने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळून निकाल दिला होता, “डोरीन, तुझा बांधा नाही तसा. तुला आपली पर्सच बरी.” बांधा बुटका आणि भरलेला होता खरा. कमरेला काही खोचलं की बसताना ते बरगडीत घुसे.

“ये गं बाई,” मावशी म्हणाली.

मिठी पडली. मावशीचे हात उजव्या कमरेवरून गेले, डावीकडून गेले, पाठीवर फिरले. मग तिने वाकून पोटऱ्यासुद्धा चाचपल्या. हॉलमध्ये चमच्यांचा आवाज थांबला.

“घरी ठेवून आलीस?”

“नाही मावशी.”

“मग पर्समध्ये?”

“नाही.”

मावशीने तिला पुन्हा ओढलं आणि या वेळी चांगलं दाबून धरलं. टेबलावर तळलेली भेंडी निवत होती, पण कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. शेवटी मावशीने हात सोडले.

“हरले बाई,” ती म्हणाली.

हा शब्द तिच्या तोंडून त्या हॉलने पहिल्यांदाच ऐकला. “शक्यच नाही,” रसेल पुटपुटला.

डोरीनने मावशीच्या कानात सांगितलं. ऑपरेशननंतर पोटाला बांधतात तो रुंद पट्टा तिने घेतला होता. खोगीर शिवणाऱ्या म्हाताऱ्याकडून टणक चामड्याचं म्यान करून त्यावर बसवलं होतं. चापावर पक्कं झाकण, आणि मोठ्या माणसाने अंगठ्याचा जोर लावला तरच उघडेल असं बटण. छाती संपते आणि पोट सुरू होतं, तिथे डाव्या अंगाला देवाने तिला एक ऐसपैस खाच दिली होती. पिस्तूल तिथे ऊन खाणाऱ्या मांजरासारखं निवांत पडून राही. तीन आठवडे ती ते बांधून आजाऱ्यांना कुशीवर वळवत होती, वाकून बुटाच्या नाड्या बांधत होती, खड्ड्यांतून गाडी हाकत होती. एकदा तर आंघोळीला उभी राहिल्यावर तिला त्याची आठवण झाली.

मावशी इतकी हसली की तिला दाराचा आधार घ्यावा लागला.

“रसेल,” ती ओरडली, “तुला नाही रे जमायचं हे. तुझा बांधा नाही तसा!”

सगळा हॉल खदखदून हसला. डोरीनही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तेवढ्यात तिच्या गुडघ्याला काहीतरी धडकलं. लेसीने टिलीचा हात सोडला होता.

जेवताना टिली आजीच्या मांडीवर बसली. ती आजीच्या अंगावर रेलली, उलटी वळली, गळ्यात पडली. तिच्या डोक्याला आजी पूर्वीसारखीच मऊ लागली असावी, कारण तिने काहीच विचारलं नाही. विचारलं ते दुसरंच.

“आजी, चुइंगम?”

समोर लेसीचा काटा तोंडाशी थांबला. डोरीनने खुर्चीवरची पर्स उचलली आणि नातीच्या हातात दिली.

“घे. सगळी धुंडाळ.”

टिलीने पर्स टेबलावर पालथी केली. चष्मा, कंगवा, बँडेजची गुंडाळी, दोन पेनं, चर्चचं पत्रक आणि सर्वांत शेवटी चुइंगम. लेसीने काटा तोंडात घातला. टिलीने चुइंगम गालात सारलं आणि रिकाम्या पर्समध्ये कोपरापर्यंत हात खुपसला.

“अजून काय आहे, आजी?”

“काही नाही,” डोरीन म्हणाली. तिने ते इतक्या मोठ्याने म्हटलं की दारातल्या मावशीलाही ऐकू गेलं.