गुरुवारचं सत्र

“हात कोण धरणार ते आत्ताच ठरवून घ्या,” डॉक्टर लिंडक्विस्ट म्हणाले. “आत गेल्यावर ढकलाढकली नको.”

बारा नंबरच्या खोलीबाहेर चौघं विद्यार्थी उभे होते. चौघंही कॉलेजातले. मेडिकलला अजून प्रवेशसुद्धा मिळालेला नाही, पण अंगात पांढरे कोट. प्रवेशाच्या अर्जाला दोन गोष्टी लागतात: ‘मला डॉक्टर का व्हायचंय’ असा निबंध आणि डॉक्टरचं शिफारसपत्र. लिंडक्विस्टांच्या उन्हाळी कार्यक्रमात दोन्हींची सोय होते. पत्र ते स्वतः लिहितात. निबंधासाठी पेशंट पुरवतात.

“मागच्या वेळी दम्यावाली मुलगी ब्राइसला दिली होती,” शेल्बी म्हणाली. “आज माझा नंबर.”

“दमा काय, सगळेच लिहितात,” ब्राइस कुरकुरला. “तुला मरणारा मिळतोय. नशीब काढलंस.”

कुणी हसलं नाही. कुणाला शिसारीही आली नाही, शेल्बीलासुद्धा नाही. निबंधाची पहिली ओळ तिच्या डोक्यात तयारच होती.

व्हर्लिन स्टोल्झ खाटेवर बसून जेली खात होता. छत्तीस वर्षं शाळेची बस चालवलेला माणूस. एवढे पांढरे कोट एकदम आत आलेले पाहून त्यानं वाटी बाजूला ठेवली. “अख्खी वरात आलीय. म्हणजे बातमी काही धड नाही.”

डॉक्टर स्टूल ओढून बसले. पेशंटला आधी काय ठाऊक आहे ते विचारलं, थोडं थांबले, मग सांगितलं. कॅन्सर आहे, फुप्फुसातून यकृतात गेलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही. ते थांबणंही आदल्या दिवशीच्या तालमीत ठरलं होतं. चांगले सहा सेकंद. ब्राइस मागे उभा राहून वहीत टिपणं काढत होता.

शेल्बी खाटेशेजारच्या खुर्चीत बसली आणि तिनं म्हाताऱ्याचा हात हातात घेतला. खरखरीत, गार. निबंधात घालायला बरे शब्द आहेत, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि तिला स्वतःची किळस आली. हात मात्र तिनं धरूनच ठेवला.

स्टोल्झनं ती बसली होती त्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाला, “या खुर्चीत कालपर्यंत मार्लीन होती. माझी मुलगी. आठवडाभर रजा काढून ओरेगॉनहून आली होती. वाट बघून बघून काल दुपारच्या विमानानं गेली. सारखी म्हणायची, बाबा, ते सांगतील तेव्हा मला तुमच्याजवळ असायचंय.” तो डॉक्टरांकडे वळला. “एक दिवस आधी नाही का हो आला हा रिपोर्ट?”

“लॅब काही आमच्या हातात नसते,” डॉक्टर हळुवार आवाजात म्हणाले. “आज सकाळीच आला.”

रिपोर्ट सोमवारी आला होता. बुधवारी सकाळी तालमीत शेल्बीनं तो स्वतः वाचला होता, तारखेसकट. ‘वाईट बातमी कशी सांगावी’ हे सत्र गुरुवारी असतं, म्हणून तीन दिवस तो लिंडक्विस्टांच्या खणात पडून राहिला. माणसाला त्याचं मरण सांगायचं, तर बघायला विद्यार्थी नकोत का? चौघांनाही हे ठाऊक होतं आणि चौघंही मूग गिळून बसले होते. डॉक्टरांनी शेल्बीकडे पाहिलं. पत्रांवर ते उद्या सह्या करणार होते.

“सोमवारी आला होता,” शेल्बी म्हणाली.

ब्राइसचं पेन थांबलं. “शेल्बी, जरा बाहेर चल,” डॉक्टर उठत म्हणाले.

स्टोल्झनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. “तुला कधी कळलं, पोरी?”

“काल सकाळी.”

“मार्लीन इथं होती तेव्हा.”

“हो.”

त्यानं तिच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि चादरीला पुसला. आधी तळवा, मग एकेक बोट.