जपानी इंजिन

जुनं इंजिन फुटलं म्हणून बाळकुमच्या धनेशने वडिलांच्या विलायती स्पोर्ट्स कारमध्ये जपानी इंजिन बसवून घेतलं, आणि त्या दिवसापासून आईने जेवण सोडलं.

वडील जाऊन दोन वर्षं झाली होती, पण कमळाबाईंच्या ते लक्षात राहत नसे. रोज संध्याकाळी धनेश तीच गाडी घेऊन घरी यायचा. आवाज ऐकला की "आलं" म्हणत त्या ताटं वाढायला उठायच्या, आणि समोर कोण बसलंय ते न बघता चार घास खायच्या. आता मात्र त्या दारातच बसून राहायच्या. "ही दुसऱ्याची गाडी हाय. ते आलं नाय अजून."

चौथ्या दिवशी धनेश कळव्याला पोपट मेकॅनिककडे धावला.

"पोपटशेठ, जुनं इंजिनच परत बसवा. कसंही करून. आईला तोच आवाज पाहिजे."

"अरे, त्याचा ब्लॉक फुटलेला. आता कुठून आणू? सायलेन्सर बदलून बघूया."

सायलेन्सर बदलला. कमळाबाई उठल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत जेवल्या नाहीत तर सलाईन लावावं लागेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धनेशला त्या इंजिनाचा आवाजच सहन होईना. गल्लीच्या तोंडाशी त्याने ते बंद केलं आणि घामाघूम होत एकट्यानेच गाडी ढकलत अंगणात आणली.

कमळाबाई लगबगीने उठल्या.

"आज पन ढकलीतच आनलीत ना? या, हात धुवा. मी वाढते."