बाबांच्या मुठीतलं नाणं

डोळे गेल्यापासून बाबांच्या मुठीत सतत एक चांदीचं नाणं असायचं, आजोबांनी दिलेलं. अंगठ्याने ते चोळत बसले की त्यांचा जीव थाऱ्यावर यायचा. दादाला जुनी नाणी जमवायचा नाद. बाबांच्या वाढदिवसाला त्याने ते नाणं नेलं आणि पारदर्शक ॲक्रिलिकच्या ठोकळ्यात बंद करून आणलं.

"आता शंभर वर्षं ओरखडा उठायचा नाही!"

बाबा ठोकळा चाचपत राहिले. धाकटीच्या मात्र डोक्यात तिडीक गेली. "दिसत नाही त्यांना, आणि तू शोकेस देतोस? अक्कल गहाण टाकलीस का रे?"

तिने करवतीने ठोकळा नाण्याच्या जवळपर्यंत कापला आणि उरलेला तुकडा ॲसिटोनमध्ये बुडवला. ॲसिटोन चांदीला काही करत नाही, ॲक्रिलिकला मात्र हळूहळू मऊ करतं. रोज ती तो चिकट थर लाकडी काडीने खरवडायची आणि दादाच्या नावाने बोटं मोडायची.

शेवटी नाणं मोकळं झालं. तिने ते बाबांच्या तळहातावर ठेवलं. त्यांचा अंगठा नाण्यावरून एकदा फिरला, पुन्हा फिरला आणि थांबला.

"हे माझं नाही गं, बाळा."

ती गर्रकन दादाकडे वळली. तो कौतुकाची वाट बघत उभा होता.



"तुमचं पार झिजलं होतं हो, बाबा! ते मोडीत घातलं आणि त्याच सालचं करकरीत नाणं आणलं, खास तुमच्यासाठी."