अठरा हातांची वाटणी

सप्तशृंगीला हात अठरा आणि बचत गटात बाया एकोणीस, हे प्रमिलाबाईंच्या ध्यानात आलं तेव्हा अठराही हात वाटून झाले होते.

धुळ्याच्या प्रदर्शनासाठी पापडाच्या पाकिटावर गटाचा लोगो हवा होता. गडावरची देवीच काढायची, पण शस्त्रांच्या जागी प्रत्येकीचं हत्यार, ही कल्पना अध्यक्ष म्हणून प्रमिलाबाईंचीच. कोणी लाटणं पटकावलं, कोणी चाळणी. ऑर्डरी घेणाऱ्या नूतननं मोबाइल मागितला. कुंदाबाईंनी तर रिकामा हातच घेतला, आशीर्वादाचा. भागाबाई तेवढी या वाटणीला नव्हती. ती मागच्या पडवीत उडदाचं पीठ कुटत होती, आणि ते काम तिच्याशिवाय कोणाला झेपतच नव्हतं.

आता ती मुसळ घेऊनच पुढे आली नि पेंटर रंगवत असलेल्या चित्रासमोर उभी राहिली.

"मना हात कोनता?"

प्रमिलाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "कौतिकभाऊ, एक हात जास्त काढी दे ना."

पेंटर कौतिकनं कानाला हात लावले. "एकोणीसवा हात काढीसन मी गडवर कोनतं तोंड दखाडू, अक्का?"

भागाबाईनं मुसळ भिंतीला टेकवलं. "मंग कुटा आते तुम्हीच."

प्रदर्शन परवावर, पाच किलो पीठ अर्धवट कुटलेलं. प्रमिलाबाईंनी गयावया केली. मुसळ देवीच्या पायाशी काढू म्हणाल्या, खाली नाव टाकू म्हणाल्या. कुंदाबाईंनी देवीच्या सिंहाचा विषय काढला, तसं बाकीच्यांनी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं.

भागाबाई चित्र न्याहाळत होती. हात सगळे रंगवून तयार, मानेवर मात्र नुसता कोरा गोल. कौतिक चेहरा नेहमी शेवटी काढायचा.

"हात तं सगळ्यासनी वाटी लिधात," ती म्हणाली. "तोंड कोनं शे?"

अठरा हात वाटले, पण चेहरा कोणाचा? हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

भागाबाईनं पदरानं घाम पुसला, पदर डोक्यावर नीट घेतला आणि कौतिकसमोर खुर्ची ओढून ताठ बसली. प्रमिलाबाई काहीतरी बोलायला गेल्या.

"अध्यक्षबाई," ओठ फारसे न हलवता भागाबाई म्हणाली, "पीठ वाळी ऱ्हायनं. मुसळ ल्या हातमा. देवी बठेल शे."