अडणारं वाक्य

"गुड मॉर्निंग, एव्हरीवन," हेमराज म्हणाला आणि तिथंच थांबला.

"मंग? पुढं बोल ना बे," खाटेवर बसलेला चंदन म्हणाला. "मी साहेब आहो समज. काहून भेऊन राहिला?"

हेमराज भ्यालेला होता हे खरं, पण चंदनला वाटत होतं तसा इंग्रजीला नव्हे. इंग्रजीला तो मागच्या आठवड्यात भ्यायचा. तेव्हापासून कारखान्याच्या मोठ्या साहेबानं त्याला रोज सुटी झाल्यावर केबिनमध्ये उभं करून घोटवलं होतं. हात खिशात घालायचे नाहीत, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, आणि अडलंच तर "लेट मी एक्सप्लेन" म्हणून वेळ काढायचा. माल घेणारे बाहेरदेशचे लोक उद्या येणार होते. अपघात कसा झाला, ते त्यांना सुपरवायझरच्या, म्हणजे हेमराजच्याच तोंडून ऐकायचं होतं.

अपघात चंदनचा. उजव्या हाताची चार बोटं प्रेस मशीनखाली गेली. तो हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून त्यानं मांडीवर ठेवला होता. दोघं अड्याळ गावच्या एकाच गल्लीतले, एकाच मोटरसायकलवर कामाला जाणारे. हेमराज आज नुसता भेटायला आला होता, केळी घेऊन. पण मीटिंगची खबर चंदनला आधीच लागलेली. "माह्यासमोर एकदा म्हणून पाह्य," म्हणून तो हटूनच बसला. "शाळेत तू कविता पाठ करे, त मीच पुस्तक धरून बसो ना?" नाही म्हणावं तर काय सांगून? हेमराजला निमित्तच सुचेना.

त्यानं सुरुवात केली. कारखाना कधीचा, मशीनी कोणत्या, माल कुठं कुठं जातो, सगळं घडाघडा आलं. चंदन खूश. "अबे, तू त फाडफाड बोलून राहिला!"

मग ते वाक्य आलं. "द ॲक्सिडेंट हॅपन्ड बिकॉज ऑफ..." हेमराज अडला, मग खालच्या आवाजात म्हणाला, "...ऑपरेटर्स नेग्लिजन्स."

ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला. एवढा सरळ अर्थ. आणि खरं काय, ते हेमराजहून जास्त कोणाला ठाऊक? बोटं आत जाऊ नयेत म्हणून प्रेसला जाळी असते. माल लवकर निघावा म्हणून ती काढायला साहेबानं सांगितलं, आणि हेमराजनं ते चंदनला सांगितलं. "जरा सांभाळून कर," एवढं बोलून तो चहाला गेला होता. उद्या पाहुण्यांनी मान डोलावली की चंदनला ना भरपाई, ना बसून करायचं काम. चूक ज्याची त्यानं भोगावी, मामला खतम. आणि हेमराजच्या तोंडून दुसरं काही निघालं, तर नवा सुपरवायझर शोधायला साहेबाला कितीसा वेळ लागतो?

"थांब थांब," चंदन म्हणाला. "ऑपरेटर म्हणजे मीच नं?"

"हो."

"काय म्हटलं तू माह्याबद्दल?"

डोळ्यांत बघायचं, असं साहेबानं शिकवलं होतं. हेमराज भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला, "म्हटलं... म्हटलं का ऑपरेटर लय मेहनती आहे."

बोलून गेला आणि वाट बघत राहिला. आता हा म्हणेल, खोटं बोलतो. आता उठेल आणि गचांडी धरेल. खरं सांगायचं तर धरली असती तर हेमराजचं ओझंच उतरलं असतं.

चंदनचे डोळे भरून आले. "लोक म्हणत होते, हेमराज साहेबाचा माणूस आहे, तो तुह्यासाठी तोंड उघडत नाही. मी म्हटलं, तुमाले काय मालूम आमचा हेमराज?"

"चंदन, आयक ना..."

"तू आयक. बाकी सारं मस्त आहे, पण तेथीच तू अटकते. आवाज बसते तुहा. माह्याबद्दल बोलाले कायले लाजते बे? जोरानं म्हण. साहेबाइले आयकू गेलं पाहिजे." आणि त्यानं स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "माय! ओ माय! इकडं ये, हेमराज माह्याबद्दल इंग्रजीत बोलून राहिला!"

शकुनबाई ओले हात लुगड्याला पुसत आली. खरोखरच्या साहेबांपुढं बसावं तसा डोक्यावर पदर घेऊन ती दाराशी बसली. "म्हण बाबू," ती म्हणाली. "मले समजत नाही, पण आयकतो मी."

पळून जावं, असं हेमराजला वाटलं. सगळं सांगून टाकावं, असंही वाटलं, त्यासाठी त्यानं तोंडही उघडलं. पण उघडल्या तोंडातून घोटलेलं वाक्यच बाहेर पडलं, मोकळ्या आवाजात, कुठंही न अडता.

शकुनबाई उठली. तिनं हेमराजच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"बस!" चंदन म्हणाला. "उद्या अस्संच म्हणजो. भेऊ नोको."